सत्तर-चौदा नंबरची कडी

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. हसू नका. मासे धरायला गेलेल्या माणसाला माशानेच धरून नेलं, ती मागची गोष्ट मी जरा फुगवली होती, कबूल. हिच्यात हवा भरायला जागाच नाही. ही लोखंडाची गोष्ट आहे.

एका कारखान्यात पट्ट्यांच्या कड्या बनायच्या. उंचावर काम करणारी माणसं असतात ना, कारखान्यांच्या चिमण्या रंगवणारी, मोठ्या इमारतींच्या काचा पुसणारी, ती कमरेला जाड पट्टा बांधतात. पट्ट्याला कडी आणि कडीला दोर. माणूस वर घसरला की तो, त्याची बायको, पोरं, घरी झाकून ठेवलेलं त्याचं जेवण, सगळं त्या एका कडीला लटकतं. म्हणून तिथला नियम असा, की प्रत्येक कडी आधी मशीनवर ताणून बघायची. टिकली तर तिला पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका लागला की वीस-वीस कड्यांचा ट्रे कोपऱ्यातल्या टेबलावर जायचा, आणि तिथे नंबरताई कडीवर नंबर ठोकायची.

नंबरताईला खरं नावही होतं, पण ते हजेरीच्या कार्डाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. खिडकीखाली तिचं टेबल. लाकडी पेटीत दहा पोलादी पंच, शून्यापासून नवापर्यंत, बोटाएवढे. कडी ऐरणीवर धरायची, पंच टेकवायचा आणि हातोडीचा एकच ठोका. दुसरा पडला की आकड्याला सावली आलीच म्हणून समजा. रोजच्या सरावाने बाईच्या अंगठ्याला आकडे इतके पाठ झालेले असायचे, की डोळे मिटून कडीवरून अंगठा फिरवला तरी नंबर सांगायची. चारच्या पंचाचा तेवढा पायाचा टवका उडाला होता. त्यामुळे तिचा चार नेहमी लंगडा.

"ताई, नवा पंच घ्या की," सुपरवायझर म्हणायचा.

"लंगडा आहे, पण चालतो ना?" ती म्हणायची. "तुमचे दोन्ही पाय धड आहेत, तरी तुम्ही वेळेवर येता का?"

ताणायच्या मशीनवर तिचा धाकटा भाऊ होता. त्याला सगळे बारक्या म्हणत, आणि हा असा ताडमाड, की प्रत्येक दाराच्या चौकटीला कपाळ आपटायचा. ताईनेच हातापाया पडून त्याला चिकटवला होता. कामाला वाघ, पण वाघाला एका जागी बसवत नव्हतं. मशीन सोडून भटकायचा. दोन वेळा ताकीद मिळाली होती. तिसरी मिळाली की घरी.

आणि एका संध्याकाळी शेवटच्या ट्रेमध्ये एकोणीस कड्यांना पिवळा ठिपका होता आणि एकीला नव्हता.

ताईने मान वळवून पाहिलं. बारक्या जागेवर नाही. घंटेला पाच मिनिटं. सुपरवायझर दारातच उभा. कडी परत न्यायची म्हणजे मोठ्याने सांगायचं, की ही ताणून बघायची राहिली. म्हणजे तिसरी ताकीद. तिने मनाशी ठरवलं, उद्या सकाळी कुणी यायच्या आत ही गुपचूप काढून बारक्याकडून ताणून घेऊ. एका रात्रीचा तर प्रश्न. मग तिने बारक्याच्या टेबलावरच्या रंगाच्या डबीत करंगळी बुडवली, कडीला ठिपका लावला आणि नंबर ठोकला. सात, शून्य, एक, लंगडा चार. सत्तर-चौदा. कडी ट्रेच्या कोपऱ्यात ठेवली, म्हणजे सकाळी पटकन सापडेल.

सकाळी ट्रे नव्हता.

"कालचा माल कुठे गं?" तिने पॅकिंगवालीला विचारलं.

"गेला की. रात्री गाडी भरली, अर्जंट होतं. का? माल काय पाहुणा आहे, दोन दिवस राहायला?"

ताई हसली. तेव्हाच सांगायला हवं होतं. अजून गाडी रस्त्यात असेल, फोन करून थांबवता आली असती. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता आठवडा गेला, आणि आठवड्यानंतर सांगायचं म्हणजे आठवडाभर का गप्प होतीस, तेही सांगावं लागतं. असं करत अकरा वर्षं गेली.

बारक्या काही टिकला नाही. दोन वर्षांनी कसल्याशा फुटकळ गोष्टीवरून बहीणभावाची जुंपली आणि ताईच्या तोंडून सगळ्यांदेखत निघालं, "माझ्यामुळे टिकलास इथे! माझ्यामुळे!" त्याने हातमोजे काढले, तिच्या टेबलावर नीट जोडून ठेवले आणि गेला. तो गेला तो गेलाच. पुढे नऊ वर्षं फोन फक्त कुणी जन्मलं-मेलं तर.

मधे कारखान्यात नवं मशीन आलं. त्याच्या पोटात एक टोकदार सुई. कडी खाली ठेवली, बटण दाबलं, की सुई धातूवर नाचत सुटायची आणि ठिपक्या-ठिपक्यांनी नंबर उमटवायची. पोरींनी त्याचं नाव ठेवलं टिकटिक्या. जुने पंच भंगारात गेले, लंगडा चारसुद्धा.

पण बाईचं कसब जातं कुठे? महिन्याभरात तिला टिकटिक्याची भाषा कळायला लागली. एक म्हणजे सरळ टरर्. शून्य म्हणजे गोल घुमणारं घुर्र. सात म्हणजे आडवं, मग एक श्वास, मग तिरकं घसरतं.

"पाठ करून उभी राहा बघू," पॅकिंगवाली म्हणाली. "चहाची पैज."

टिकटिक्या नाचला.

"अकरा हजार दोनशे सत्त्याण्णव."

"अगं बाई! तुझ्या नवऱ्याचं कठीण आहे. घोरण्यातूनसुद्धा सगळं कळत असेल तुला."

"कळतं ना. पण ते नंबरात बसत नाही."

तीन महिने असा खेळ चालला. मग एका सोमवारी ताईने कडी ठेवली, बटण दाबलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. आडवं, श्वास, तिरकं. घुर्र. टरर्. मग दोन तुटक ओरखडे.

तिने वळून पाहिलं. कडीवर लख्ख होतं, बारा हजार एकवीस.

पाच आकडे. तिने ऐकले होते चार.

कान आहेत, वयही झालं, असं म्हणून तिने सोडून दिलं. मंगळवारी तीनदा तसंच झालं. शुक्रवारपर्यंत प्रत्येक कडीला. डोळ्यांना बरोबर नंबर, कानाला सत्तर-चौदा. मेकॅनिकने मशीन उघडलं, तेल घातलं, सुई बदलली. "काही नाही हो ताई, मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

दुसऱ्या आठवड्यात तिने एक कडी हातात घेतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

अंगठ्यालाही सत्तर-चौदाच लागलं. ठिपके नव्हते. खोल, एका ठोक्यातला, हाताने ठोकलेला आकडा.

तिने कडीवर कागद धरला आणि पेन्सिल घासली. कागदावर पांढरे आकडे उमटले. सात, शून्य, एक, चार. चारचा पाय तुटका.

पॅकिंगवाली मागून आली. तिने कागद घेतला, उजेडात धरला. मग हळूच म्हणाली, "जुन्या कडीवरून काढलंस ना हे?"

"हो," ताई म्हणाली.

"जुनी कडी आहे कुठे?"

"घरी."

पॅकिंगवालीने कागद टेबलावर ठेवला, उलटा. त्या दिवसापासून ती चहाला दुसऱ्या टेबलावर बसायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, फोन वाजला. बारक्या. कुणी जन्मलं नव्हतं, मेलं नव्हतं.

"ताई, मी गं. बरी आहेस?"

"मी बरी. तू?"

"मला चिमणी रंगवायचं काम मिळालंय. मोठी आहे, वरून तुझं घरसुद्धा दिसेल. परवा गुरुवारी सकाळी चढायचंय." मग हसला. नऊ वर्षांनी हसला. "आणि गंमत सांगू? पट्ट्याची कडी तुझ्या कारखान्याची आहे. पट्टा कोराकरकरीत, पिशवीतच होता. इथल्या स्टोअरमध्ये अकरा वर्षं पडून होता म्हणे. म्हटलं, ताईच्या हातचा नंबर असेल त्यावर. म्हटलं, कळवावं."

ताईने विचारलं, "नंबर काय आहे रे?"

"मला काय माहीत? पट्टा अजून स्टोअरात आहे. उद्या दुपारी हातात देतील. का गं?"

सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं. करंगळी, ठिपका, ट्रेचा कोपरा. पण इतक्या वर्षांनी भाऊ हसून बोलत होता, आणि सांगायचं म्हणजे, तुझ्यासाठी केलं, हे पुन्हा सांगायचं. त्याच वाक्याने तर तो गेला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज."

बाईने आयुष्यात हजार खोटं बोलावं, पण 'सहज' म्हणू नये.

बुधवारी ती कामावर आली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी टिकटिक्या बोलत होता, सत्तर-चौदा, सत्तर-चौदा, एका कडीला एकदा, न चुकता. दुपारच्या जेवणानंतर तिने कडी ठेवली, बटण दाबलं.

बारा हजार चारशे सात.

तिने पुढची ठेवली. बारा हजार चारशे आठ. डोळे मिटून अंगठा फिरवला. बारीक ठिपके. बारा हजार चारशे आठ.

मशीन बरोबर बोलत होतं.

आणि तेव्हा ती घाबरली. तीन आठवडे हाका मारणारा माणूस एकाएकी गप्प का होतो?

घड्याळात अडीच वाजले होते. पट्टा दुपारी हातात देणार होते.

तिने अंगावरचा कामाचा डगला काढला.

"ट्रेमध्ये वीस कड्या उरल्यात ताई," सुपरवायझर म्हणाला.

"तुम्ही मारा," म्हणाली आणि निघाली.

दोन बस बदलल्या. दुसऱ्या बसच्या काचेतून चिमणी लांबूनच दिसली. अर्धी तांबडी, अर्धी राखाडी. तिच्या पायथ्याशी माणसं गोल करून उभी होती. ताई आली तशी त्यांनी न विचारता वाट दिली.

"तुम्ही त्याची बहीण?" मुकादमाने विचारलं.

"हो."

"तिकडे आहे."

पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर बारक्या डोळे मिटून आडवा पडला होता. फळी आखूड पडली होती, पाय बाहेर आले होते. कुणीतरी अंगावर चादर घातली होती. कपाळावर चौकटींच्या जुन्या खुणा तशाच.

ताई त्याच्या उशाशी बसली. केसांतली धूळ झटकली आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ठिपका सांगितला, लंगडा चार सांगितला. तुला घालवायचं नव्हतं रे, म्हणून केलं, हेही सांगितलं. एरवी दुसऱ्या वाक्याला तिला तोडणारा हा भाऊ. जन्मात पहिल्यांदा त्याने तिला शेवटपर्यंत बोलू दिलं.

बाहेर आली तेव्हा मुकादमाने पट्टा तिच्या हातात दिला. तिने मागितलाही नव्हता.

"हा तुमच्याकडेच राहू द्या," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

कडी जोडापाशी उघडली होती. पिवळा ठिपका तसाच होता, करंगळीएवढा. नंबर डोळ्यांना स्वच्छ दिसत होता, सत्तर-चौदा, चारचा पाय तुटका. तिने डोळे मिटून अंगठा फिरवला.

गुळगुळीत. तिथे काहीच नव्हतं.

तो पट्टा पुन्हा कुणाच्या कमरेला लागला नाही. कडी तिच्या घरी डब्यात आहे. आणि टिकटिक्या त्यानंतर कधी चुकीचं बोलला नाही.

झाली गोष्ट. सगळी खरी. एवढं बघताय माझ्याकडे, तर सांगते, एक गोष्ट तेवढी मी पदरची घातली. वार. ती तिथे गेली तो बुधवार नव्हता, गुरुवार होता. दुपारचा. दर वेळी सांगताना मी बुधवार म्हणते. वाटतं, या वेळी तरी पोचेल.

बुधवारी मशीन बरोबर बोलायला लागलं, तेव्हा ती घाबरली नाही. तिला हायसं वाटलं. ट्रेमधल्या उरलेल्या वीस कड्या तिने गुणगुणत संपवल्या.