हिरवा ठिपका

खुर्ची मागे सरकल्याचा तो आवाज मामांनी पहिल्यांदा ऐकला, त्याला आता बारा वर्षं होऊन गेली. किर्रर्र... आणि मग एक बारीक टक्. घड्याळबाईंच्या खुर्चीचं एक चाक दाताखाली खडा आल्यासारखं मध्येच अडायचं. मामा कितीदा म्हणाले, "बाई, बदलून देतो." बाई हसायच्या. "राहू द्या हो मामा. मी उठले की कुणाला तरी कळायला नको?"

मामा त्या ऑफिसातले शिपाई. घड्याळबाई तक्रारींच्या पत्रांना उत्तरं लिहायच्या. वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ त्यांच्या बारीक मनगटावर कायम असायचं, म्हणून ते नाव पडलं. लग्न केलं नव्हतं, वडील गेल्यापासून एकट्या राहत.

पुढे सगळ्यांचं काम घरी गेलं. आधी आठवड्यातून दोन दिवस लोक यायचे, मग महिन्यातून एकदा, मग कुणीच नाही. पाचव्या मजल्यावर दीडशे टेबलं, दीडशे खुर्च्या आणि एकटे मामा. ते नऊ वाजता कुलूप काढत, झाडांना पाणी घालत, गंजू नयेत म्हणून नळ सोडत. जाताना एकेक खुर्ची टेबलाखाली सारत, झोपलेल्या पोरांच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तसं.

त्या सोमवारी दुपारी तीनला मामा डबा धूत होते. बाहेर लख्ख ऊन होतं. मागून आवाज आला. किर्रर्र... टक्.

मामा हात न पुसताच बाहेर आले. मजला रिकामा. तिसऱ्या रांगेतली एकच खुर्ची टेबलापासून हातभर मागे सरकलेली. वारा असेल म्हणावं तर खिडक्या काचेच्या, न उघडणाऱ्या. त्यांनी खुर्ची आत सारली. पाठ तिची कोमट लागली... आणि तिथं ओल्या साबणाचा वास होता.

मंगळवारी पुन्हा तीन वाजता तेच. या वेळी मामा आधीपासून तिथंच बसले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत खुर्ची मागे आली, थोडी वळली आणि त्यांच्याकडे तोंड करून थांबली. मामा जागचे उठले नाहीत. "बाई..." ते हळूच म्हणाले, "काय झालं?"

साबणाचा वास तेवढा दाट झाला.

मामांनी बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग साहेबांना लावला.

"मामा, ती कामावर आहे," साहेब म्हणाले. "माझ्या स्क्रीनवर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतोय."

"साहेब, त्यांच्याशी बोललात का तुम्ही?"

"बोलायचं कशाला? कालपासून चाळीस उत्तरं गेलीत तिची."

"त्यांनीच लिहिली?"

"आता मशीन लिहितं मामा, तिच्याच पद्धतीनं. तिनं फक्त नजर टाकायची. नाही टाकली तरी तासाभरानं आपोआप जातात. तुम्ही एकटे असता ना तिकडे, मनात काहीबाही येतं. एक दिवस सुट्टी घ्या."

फोन ठेवला तरी मामांचं मन थाऱ्यावर येईना. त्या हिरव्या ठिपक्याची गंमत त्यांना ठाऊक होती. गेल्या वर्षी ते बाईंच्या घरी नवा कॉम्प्युटर पोचवायला गेले होते. तेव्हा बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या काचेवर माउस ठेवला. "चहा टाकायला उठलं की ठिपका पिवळा होतो, लगेच विचारणा होते. म्हणून ही युक्ती. खाली सेकंदकाटा फिरतो आणि माउसला वाटतं, बाईंचा हात हलतोय." बाई हसल्या होत्या, तोंडाला पदर लावून, शाळा चुकवलेल्या मुलीसारख्या.

रात्रभर मामांनी कूस बदलली. बुधवारी सकाळी मजल्यावर पाऊल टाकलं, तर तीन वाजण्याची वाट न बघता आवाज आला. किर्रर्र... मध्येच थांबला. टक् झालंच नाही.

मामांनी आल्या पावली बाहेर येऊन कुलूप घातलं आणि जिन्यातूनच साहेबांना फोन केला. "मी बाईंच्या घरी निघालोय."

"मामा, जागा सोडून जाता येणार नाही. हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा," मामा म्हणाले. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा न विचारता जातोय, तेही लिहा."

बाईंच्या शेजारच्या काकूंनी दार किलकिलं केलं. "असतील की आत. लॅपटॉप चालू आहे, खिडकीतून उजेड दिसतो रात्रंदिवस. हल्ली काय, माणूस घरात असून घरी नसतं."

"दिसल्या कधी शेवटच्या?"

काकू आठवत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. "मी चावीवाल्याला बोलावते," त्या म्हणाल्या.

दार उघडलं तेव्हा आधी तो वास आला. ओल्या साबणाचा. टेबलावर लॅपटॉपचा पडदा उजळलेला, हिरवा ठिपका शांत. माउसखाली सेकंदकाटा इमानेइतबारे फिरत होता. बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडव्या पडलेल्या, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. ओला टॉवेल चोखून त्यांनी दोन दिवस काढले होते.

मामांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, बोट पाण्यात बुडवून ओठांना लावलं. काकू अँब्युलन्सला फोन करत होत्या. बाईंनी डोळे उघडले.

"मामा... किती वेळ बघत होता माझ्याकडे..."

"आत्ताच आलो, बाई."

"नाही... तिथं. माझ्या जागेवर. मी उठायला बघत होते... तुम्ही विचारलंत, काय झालं. मला बोलताच येईना..."

मामांनी पुन्हा बोट पाण्यात बुडवून त्यांच्या ओठांना लावलं.

बाई वाचल्या. कमरेचं हाड मोडलं होतं, ते बसवलं. मामा रोज संध्याकाळी दवाखान्यात जात. एकदा बाई म्हणाल्या, "माझ्या गैरहजेरीतल्या उत्तरांचं कौतुक झालंय म्हणे. आता कामावर यायची गरजच नाही." दोघंही हसले, पण फार वेळ नाही.

मामांना कुणी नोटीस दिली नाही. साहेबांचाही फोन आला नाही. मामा मनात म्हणाले, लाजले असतील.

दहाव्या दिवशी दुपारी मामा झाडांची पानं पुसत होते. सहज मान वर केली तर खिडकीपाशी साहेब उभे. दोन वर्षांनी मजल्यावर आलेले. लिफ्टचा आवाज कसा आला नाही, असं मामांना क्षणभर वाटलं. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

"या साहेब, बसा," मामा म्हणाले. "झालं गेलं जाऊ द्या. बाई बऱ्या आहेत."

साहेब नुसते बघत राहिले. काहीतरी सांगायचं आहे आणि जमत नाही, असं ते बघणं.

मामांच्या खिशात फोन वाजला. नंबर अनोळखी.

"मामा ना? मी तुमच्या साहेबांची बहीण, परगावाहून बोलतेय. त्यांनी मागे एकदा तुमचा नंबर दिला होता. परवापासून दादा फोन उचलत नाही हो. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, कामावर आहेत, ठिपका दिसतोय... तो घरी एकटाच असतो. तुम्ही जरा..."

मामांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

फडकं कुंडीवर ठेवून मामांनी खिशातली पेन्सिल काढली.

"पत्ता सांग ताई," ते म्हणाले. "सावकाश सांग, मी लिहून घेतोय. आणि चावीवाला लागेल."

साहेब वळले, आणि रिकाम्या खुर्च्यांच्या मधून चालत गेले.