न सुटलेला सूर

झाशीत मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. वरच्या खोलीत मी गाण्यांचे ट्रॅक बनवतो, लग्नाच्या बँडसाठी, देवीच्या जागरणांसाठी, कधी एखाद्या शाळेच्या कार्यक्रमासाठी. कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि एक मिडी कीबोर्ड, एवढाच पसारा. मे महिन्यात कूलरशिवाय तिथं बसवत नाही.

आईला तो कीबोर्ड म्हणजे पेटीच वाटायची. एकदा मी तिला समजावलं होतं, "हा स्वतः वाजत नाही, आई. याला आवाजच नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, एवढं तारेतून कळवतो. आवाज कॉम्प्युटरमधल्या सिंथेसायझरचा."

आईनं नुसते ओठ हलवले. "म्हणजे माझ्यासारखा."

आईचं नाव शशिकला. झाशीतल्या मराठी घरांत गणपतीला, हळदीकुंकवाला तिचं गाणं ठरलेलं असे. मग कॅन्सर झाला, ग्वाल्हेरला ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ती गळ्याखालच्या छिद्रातून श्वास घेते. त्यावर गॉजचा पातळ तुकडा बांधलेला असतो. श्वासागणिक तो जरासा आत-बाहेर होतो. ती काय म्हणते ते आम्ही ओठांवरून ओळखतो.

त्या दुपारी मी बासरीचा आवाज शोधत होतो. कीबोर्डवरून आवाजाचा नंबर पाठवला की सिंथमध्ये तो आवाज लागतो. नंबर संपले की बँक बदलायची, म्हणजे आवाजांचा दुसरा कप्पा उघडायचा. घाईत भलताच कप्पा उघडला गेला. त्यात मी कधी काही भरलंच नव्हतं. स्क्रीनवर नावाची जागा कोरी होती. तरी सवयीनं पट्टी दाबली.

बाईचा आवाज आला. शब्द नाहीत, नुसता 'आ'कार. जाड पडद्यामागून यावा तसा दबलेला.

मागे चाहूल लागली. आई जिना चढून आली होती. दारात उभी, हात गळ्याशी.

"माझा," तिचे ओठ म्हणाले.

"तुझा कसा असेल? तुझं रेकॉर्डिंग कुठाय आपल्याकडे?"

खरंच नव्हतं. एक कॅसेट होती, ती केव्हाच बुरशीनं गेली. मी फिल्टरचा नॉब हळूहळू फिरवला. पडदा सरकावा तसा आवाज उजळत गेला. वरच्या सुराला आई किंचित नाकात गायची. तेही त्यात होतं. मी पट्टी तशीच दाबून धरली.

त्यानंतर आई रोज जेवण झालं की वर येऊन बसायची. मी पट्ट्या दाबायचो, ती डोळे मिटून ऐकायची. माझी बायको इरा, माहेरची हिंदी बोलणारी, एकदाच वर आली आणि लगेच खाली गेली. "मुझे ठीक नहीं लग रहा," एवढंच म्हणाली.

एकदा मी सुरात थोडा कंप आणावा म्हणून मॉड्युलेशनचं चाक वर ढकललं. सूर थरथरला. आईची बोटंही खुर्चीच्या हातावर थरथरली. चाक खाली आणलं, बोटं थांबली.

योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी आई खाली स्वयंपाकघरात असताना मी एकटाच वर बसलो. स्पीकर बंद ठेवले. पट्टी दाबली आणि चाक पूर्ण वर नेलं.

खालून थाळी पडल्याचा आवाज आला.

"सुनिए!" इरा ओरडली. "आईंचे हात बघा कसे होतायत! तांदूळ सांडले सगळे."

मी चाक खाली ओढलं. "थांबले आता," खालून इरा म्हणाली.

तो कप्पा पुसून टाकायचा, असं मी ठरवलं. आईला सांगितलं तेव्हा ती उठली. जिना चढून गेली. मी मागोमाग पोचलो तोवर ती माझ्या खुर्चीवर बसली होती. तिनं आवाजाचा नॉब पूर्ण फिरवला आणि एक पट्टी दाबून धरली.

सूर खोलीभर झाला. इतका सुरेल मी तिच्या चांगल्या दिवसांतही ऐकला नव्हता.

मी तिच्या गळ्याकडे पाहिलं. गॉज हलत नव्हता.

"आई, सोड."

तिनं मान हलवली.

"आई, श्वास घे!"

मी कीबोर्डची तार उपटली.

पट्टी दाबलेली असताना तार निघाली, तर पट्टी सुटल्याचा निरोप सिंथला पोचत नाही. सूर अडकून राहतो. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. मला त्या क्षणी आठवलं नाही.

सूर चालू राहिला. मी कॉम्प्युटर बंद केला. स्पीकरचे दिवे विझले. कूलरही बंद केला.

सूर चालूच होता.

आईचे ओठ मिटलेले होते. मी कान तिच्या छातीपाशी नेला. सूर तिथून येत होता.

तार पुन्हा जोडली, कॉम्प्युटर लावला. तीच पट्टी दाबून सोडली. सगळे सूर बंद करण्याचा आदेश असतो, तोही पाठवला. काही झालं नाही.

याला आता आठवडा होईल. आई जेवते, झोपते, आमच्याकडे बघून हसते. सूर मंद आहे, शेजारी ऐकू जात नाही. डॉक्टर घरी येऊन गेले. नाडी नीट आहे म्हणाले. सुराबद्दल विचारलं तेव्हा स्टेथोस्कोप गुंडाळून निघाले.

आज सकाळी आईनं गॉज काढून ठेवला आणि श्वासाच्या छिद्रावर तळहात घट्ट दाबून धरला. "आई, हात काढा ना," इरा म्हणत राहिली. आई हसली.

संध्याकाळी इरानं देवापाशी दिवा लावला, तेव्हाही तो हात तिथंच होता, आणि सूर चालू होता.