रिकाम्या मांडवातलं गाणं

जीवन गेल्यावर त्याची बायको चैताली माहेरी, चकलांब्याला राहायला गेली. एकदा तिनं फोन करून एवढंच मागितलं, "समाधानभाऊ, त्यांचा मोठा स्पीकर तेवढा आणून द्या." दिंद्रुडला माझा आणि जीवनचा साउंड सिस्टीमचा धंदा. तो स्पीकर त्यानं हौसेनं घेतलेला. संध्याकाळी मी तो छोटा हत्ती टेम्पोत चढवला आणि निघालो.

लग्नातला डीजे थांबला, मांडव रिकामा झाला, की वायरी गुंडाळताना जीवन एक गाणं हळू लावायचा. आफ्रिकेतलं, अमापियानो म्हणतात त्याला. वाळल्या शेंगा हलवल्यासारखी सळसळ, जमिनीखालून आल्यासारखा खोल ठोका आणि त्यावर एका बाईचा निवांत आवाज. शब्द आम्हाला कळत नव्हते. "कुनाला तरी घरी बोलावतीया बघ," जीवन म्हणायचा, आणि चैतालीला फोन लावून मोबाईल स्पीकरजवळ धरायचा. अशाच एका रात्री घरी निघाला आणि बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली.

चकलांब्याला पोचेपर्यंत अंधार पडला. चैतालीची आई बायडाबाई म्हणाली, "लई उशीर झालाय, हितंच ऱ्हावा." स्पीकर अंगणात उतरवून मी तिथंच बाजेवर आडवा झालो.

मध्यरात्री छातीत काहीतरी हललं. आवाज नव्हे... ठोका. बाजेच्या दोऱ्या थरथरत होत्या. मग ती सळसळ आली, आणि अगदी हळू ते गाणं. उठून पाहिलं, तर चैताली स्पीकरच्या जाळीला गाल टेकून बसली होती.

"तुमाला बी ऐकू येतंय?" ती कुजबुजली.

"वायर कुटं लावलीय, चैताली... लाईट बी न्हाई."

"म्हाईत हाय."

मी जाळीवर हात ठेवला. आतला पडदा श्वास घेतल्यासारखा वरखाली होत होता. बाईच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता... जीवनचा. "चल ना... चल..."

"रोज बोलावत्यात," चैताली म्हणाली. "आदी लांब रानातून यायचा आवाज. आज जायचंच म्हनून चप्पल घालून बसलेय."

तेवढ्यात घरात बायडाबाई झोपेत खोकली. चैताली किती तरी वेळ दाराकडं बघत राहिली. मग तिनं चप्पल काढली.

"मला न्हाई येता यायचं," ती जाळीला ओठ लावून म्हणाली. "माझी वाट नका बघू... तुमी जावा."

गाणं थोडा वेळ तसंच चालू राहिलं, न समजल्यासारखं. मग मधेच तुटलं.

तेव्हा ती रडली. अंत्यविधीलाही ती रडली नव्हती. बायडाबाई बाहेर आली आणि तिला पोटाशी धरून बसली.

उजाडताच मी निघालो. स्पीकर तिथंच राहू दिला. गाडी चढाला ओढेना म्हणून गेवराईच्या अलीकडं पंक्चरच्या दुकानाशी थांबलो. दुकानदारानं वाकून मागची चाकं पाहिली.

"भाऊ, माल काय भरलाय एवढा? टायर पार दबलेत."

हौदा रिकामा होता.