होडीघराचा पहारेकरी

वाचनालयाच्या दारातच मी त्याच्यावर आदळले. बाहेर न्यूझीलंडच्या टोकावरच्या आमच्या ब्लफ बंदराचा नेहमीचा दक्षिणेकडचा वारा, पाऊस पार आडवा... मी खांद्याने दार ढकललं आणि आतून त्याने ते नेमकं त्याच क्षणी ओढलं. माझं ओलंचिंब जॅकेट त्याच्या छातीवर, आणि त्याच्या हातातल्या खोक्यातल्या वायरी सगळ्या जमिनीवर.

"माफ करा, तुम्हाला ल-लागलं का?"

"तुम्हाला काय? मी काय तुझी मास्तरीण आहे?"

तो हसला. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. "मी फ... फ..." तो थांबला, डोळे मिटले. मी वायरी गोळा करत वाट पाहिली. "फर्गस."

"मी हेनी. कालवांच्या कारखान्यात असते, म्हणून हा वास. इथला गेमचा सर्व्हर सांभाळणारा माणूस कुठे भेटेल?"

त्याने मुकाट्याने स्वतःकडे बोट दाखवलं.

आमच्या वाचनालयाने गावासाठी एक सर्व्हर चालू केला होता. कॉम्प्युटरवरचा ठोकळ्यांचा खेळ, कोणीही यावं आणि हवं ते बांधावं. मी आणि माझा भाऊ वीरेमू त्यावर दर रविवारी भेटायचो. तो पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीत कामाला. दोन वर्षांपूर्वी पापा गेले, त्यांचं होडीघर विकावं लागलं, आणि नव्या मालकाने ते पाडलं. तेच होडीघर आम्ही खेळात पुन्हा उभं केलं होतं... एकेक फळी आठवून. पापांची तिरकी खिडकीसुद्धा! आणि आता तीन आठवडे कोणीतरी ते फोडत होतं. एकदा छप्पर, मग दरवाजा, मग खिडकी.

"मला चोर पकडायचाय," मी म्हणाले.

फर्गस कॉम्प्युटरपाशी बसला आणि कोऱ्या पानावर भराभर लिहू लागला. 'पकडता येईल. छोटंसं प्लगिन, म्हणजे खेळाला जोडायचा प्रोग्रॅम, लागेल. ठोकळा तुटला की तोडणाऱ्याचं नाव लिहून ठेवेल. शनिवारी दुपारी येतेस?'

"तू लिहून देशील?"

'छे. तू लिहिशील. मी शेजारी बसून चुका काढीन.'

"आगाऊच आहेस की!"

'फक्त बोटांनी,' त्याने लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता हसला.

मग शनिवार सुरू झाले. तो धक्क्यावरच्या बोटींचे रेडिओ आणि रडार दुरुस्त करायचा. दुपारी हात धुऊन यायचा, तरी नखांत काळं असायचंच. मी चीज रोल घेऊन जायचे. ग्रंथपालबाईंची नजर चुकवून ते टेबलाखाली खायचो. आधी एक चिठ्ठीवजा फाइल लिहायची होती : प्लगिनचं नाव, आवृत्ती, सुरुवात कुठून करायची.

"नाव काय देऊ?"

'तुझा चोर, तूच ठेव.'

मी 'पहारेकरी' ठेवलं. मग खरा प्रोग्रॅम. एकेका ओळीला मी अडायचे, अर्धविराम विसरायचे, आणि तो पेन्सिलने पडद्यावर नुसतं टकटक करायचा. एकदा कालवाच्या सुरीने माझा अंगठा कापला होता. पट्टी बघून त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "तू स-सांग. आज मी तुझा कारकून." त्या दिवशी मी मुद्दामच हळूहळू सांगितलं...

तिसऱ्या शनिवारी सगळं लिहून झालं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, खेळात जाऊन एक ठोकळा फोडला. काहीच नाही!

"मेलाय हा पहारेकरी."

फर्गसने मजकूर वर-खाली केला आणि खुदकन हसला. "तू त्याला क-काम शिकवलंस. पण तो कामावर आलाय... हे सर्व्हरला सांगितलंच नाहीस."

खरंच की! एक ओळ राहिली होती. ती घातली. त्याने ठोकळा फोडला, आणि पडद्यावर सर्व्हरच्या काळ्या चौकटीत अक्षरं उमटली : फर्गस, एक फळी, अमुक जागा. मी आनंदाने ओरडले, ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं. त्या गडबडीत मी त्याचा हात धरला होता. सोडायचा कोणी, हे दोघांनाही सुचेना...

पुढच्या शनिवारी मात्र तो वेगळाच होता. मी आले तरी मान वर नाही.

"नोंद काय म्हणते?"

'काही नाही. मधे सर्व्हर बंद पडला होता.'

"पण पूर्वेची भिंत गेलीय. मी काल बघितली."

मी माउसकडे हात नेला, तर त्याने आपला हात माउसवर ठेवला. "नको, हेनी."

"कोण आहे? तुझा मित्र? त्याला पाठीशी घालतोयस?" माझा आवाज चढला. "मी महिनाभर इथे बसले, ते असं खोटं ऐकायला?"

मी उठले आणि पावसात चालू लागले. धक्क्यापर्यंत पोचले, तोच मागून पावलं. तो जॅकेटसुद्धा न घालता धावत आला होता. त्याने खिशातून फोन काढला, त्यावर लिहायला लागला... आणि मग तो तसाच परत खिशात टाकला.

"त-तुझा... तुझा भ... भ..."

मला कळलं. त्याचा शब्द पुरा व्हायच्या आधीच कळलं. पण मी मध्ये बोलले नाही.

"भाऊ," तो म्हणाला. "वीरेमू. नोंदीत त्याचंच नाव आहे. तुला हे प-पडद्यावर वाचायला लागू नये असं वाटलं. आणि सांगायची हिंमत होईना. म्हणून खोटं बोललो. चुकलं माझं."

मी तिथेच उभ्या उभ्या वीरेमूला फोन लावला.

"भिंत तू फोडलीस?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दर रविवारी तू म्हणतेस, पापा इथे बसायचे, पापा तिथे जाळी शिवायचे. मग आठवडाभर खाणीत माझ्या डोळ्यांपुढे तेच. मला ते घर बघवत नाही, हेन."

"येड्या, मग सांगायचं ना!"

"तू किती खूश असायचीस. म्हटलं, कोणीतरी मोडलं म्हणून तूच सोडून देशील. चोरासारखं करत होतो, कळत होतं मला."

मी रडले. तोही रडला. मला वाटत होतं मी पापांना जपतेय, आणि तिकडे भाऊ एकटा झुरत होता... फर्गस लांब उभा होता, माझ्याकडे पाठ करून, भिजत, नांगरलेल्या बोटींकडे बघत. जायला हवं होतं त्याने. गेला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी आणि वीरेमूने होडीघर मिळून उतरवलं, वरून खाली, एकेक फळी. मधेच तो म्हणाला, "पापांनी ही खिडकी तिरकी का बसवली होती, माहितीय? ते प्यायले होते!" दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही पापांवर हसलो. मोकळ्या जागेत मग आम्ही काहीच बांधलं नाही. समुद्र दिसत होता, तेवढा पुरे.

सोमवारी कामावरून सुटल्यावर मी थेट फर्गसच्या वर्कशॉपवर गेले. तो एका उघड्या रेडिओवर वाकला होता.

"होडीघर काढून टाकलं," मी म्हणाले. "आता पहारेकऱ्याचं काम संपलं."

"मग श-शनिवारी तू..." त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "येणार नाहीस."

"येईन. मला तू आवडतोस, फर्गस. माझ्याशी खोटं बोललास ते नाही आवडलं. पण तसाच भिजत धावत आलास, ते फार आवडलं."

तो टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आला. त्याच्या हातांना सोल्डरिंगचा वास होता, माझ्या हातांना कालवांचा. ओठ गार होते दोघांचे...

"रविवारी आईकडे ज-जेवायला येशील?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "आधीच सांगतो, ती फार बोलते."

"माझ्यापेक्षा?"

त्याने अगदी प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही," तो म्हणाला, जराही न अडखळता.