एक लांब, दोन आखूड

चेताराहून पश्चिमेला जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर ब्रेक एक वेळ अधू चालतील, पण हॉर्न ठणठणीत हवा, असं गाडीवाला पांतालेओने म्हणायचा. एका अंगाला डोंगराचा कडा, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, आणि मधे जेमतेम दीड गाडीचा रस्ता. आंधळं वळण आलं की एक लांब हॉर्न द्यायचा, म्हणजे मी येतोय. पलीकडून दोन आखूड आले की समजायचं, समोरचा थांबलाय, आपण निघायचं. सगळा जन्म त्यानं पर्यटकांना असंच फिरवलं. आणि यंदा फेब्रुवारीतल्या पावसात, गाडी रिकामी असताना, प्रायानोच्या पुढच्या वळणावरून तो गाडीसकट खाली गेला.

तेव्हापासून त्याच्या बायकोनं, एर्सिलियानं, जवळजवळ अन्नच टाकलं. चिमणीसारखे दोन घास टिपायची आणि खिडकीत बसून राहायची. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, "पोटाला काही झालेलं नाही. जगायचंच नाही म्हटल्यावर मी काय करू?" लेकीचा, लोरेदानाचा, जीव टांगणीला लागला होता. बाप गेलाच, आता आई डोळ्यांदेखत चालली. म्हणून ऑगस्टमधल्या त्या सकाळी आई जेव्हा आपणहून म्हणाली, "तुझा बाबा लोकांना न्यायचा ना, तशी एक फेरी मारून आण मला," तेव्हा लोरेदानानं हातातली कॉफी तशीच ठेवली आणि गाडी काढली.

"हॉर्न दे की!" पहिल्या मोठ्या वळणाआधी आई म्हणाली. "वर्गात पोरांवर तर चांगली ओरडतेस."

लोरेदाना हसली. सालेर्नोच्या शाळेत ती भौतिकशास्त्र शिकवायची. तिनं एक लांब हॉर्न दिला. पलीकडून दोन आखूड आले. ती वळली, आणि पलीकडे कुणीच नव्हतं. तापलेलं डांबर, झाडांतल्या किड्यांची किरकिर, कड्याच्या सावलीत पसरलेलं एक मांजर. आत वळायला वाट नव्हती की गाडी लावायला जागा.

पुढच्या वळणाला तसंच. त्याच्या पुढच्यालाही.

कड्यावर आपटून आवाज परत येत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण आपण एक लांब दिला तर परत एक लांबच यायला हवा, दोन आखूड कसे येतील? आणि तो आवाज थोडा घोगरा होता, सर्दी झाल्यासारखा. खाऱ्या वाऱ्यानं बाबाच्या गाडीचा हॉर्न असाच बसला होता. दुरुस्त कर म्हटलं की म्हणायचा, "असू दे गं, लोक ओळखतात मला." ती गाडी क्रेननं वर काढली, तेव्हा लोरेदाना तिथं होती. भंगारवाल्यानं ती दाबून गादीएवढी केली, तेही तिनं उभं राहून पाहिलं होतं.

तिनं चोरून आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या ओठांवर हसू होतं.

मिनोरीला थांबून त्यांनी रिकोटा चीज आणि नाशपातीचा केक घेतला. आई एखादा घास खाऊन बशी सारणार, हे ठरलेलंच. पण एर्सिलियानं अख्खा तुकडा संपवला, काटा चाटला आणि म्हणाली, "अजून एक सांग. आणि तू काय बघतेस? खा की!"

लोरेदानाला भरून आलं. तो हॉर्न तुलाही ऐकू येतो का, हे तिनं विचारलंच नाही. असेल तो आवाज कशाचाही, आई जेवतेय ना? मग ती प्रत्येक वळणाला हॉर्न देत राहिली. प्रत्येक वेळी पलीकडून उत्तर आलं आणि प्रत्येक वेळी रस्ता मोकळा मिळाला.

अमाल्फीत कॅथेड्रलच्या पायऱ्यांसमोर गास्पारे भेटला. तो बस चालवायचा, बाबाचा जुना दोस्त. त्यानं त्यांना कॅफेबाहेरच्या टेबलाशी बळंच बसवून घेतलं, मोठ्या लिंबाच्या सालीसकट चकत्या केल्या आणि मीठ भुरभुरवून पुढं ठेवल्या.

"काय वहिनी, आज गालांवर रंग आलाय! कोण भेटलं वाटेत?"

"भेटलं नाही अजून," एर्सिलिया म्हणाली आणि नव्या नवरीसारखी लाजली.

गास्पारेचं हसू मावळलं. आई हात धुवायला आत गेल्यावर तो लोरेदानाकडे वाकला. "प्रायानोच्या पुढं जाताय?"

"हो. फेरी तिथंच संपते ना."

"त्या वळणाला हॉर्न देऊ नकोस."

"काहीतरीच काय, काका! आणि समोरून बस आली तर?"

"खिडकी उघडी ठेव, कान दे, हळूच नीघ. आम्ही सगळे हल्ली तसंच जातो."

"पण का?"

सांडलेलं मीठ तो बोटानं गोळा करत राहिला. "ऐक बाळ माझं," एवढंच म्हणाला.

प्रायानो मागं पडलं. ऊन कललं होतं. आईनं पर्समधून कंगवा काढला, केस नीट केले, ओठांना लाली लावली. ते बघून लोरेदानानं वेग कमी केला.

"आई, परत फिरू या."

"इथवर आणलंस आणि आता?"

"तू त्याच्याकडे जायला निघालीस." लोरेदाना म्हणाली. "मला तू हवी आहेस गं. मला दुसरं कोण आहे?"

"वेडी कुठली! मी कुठं जातेय? मला तर भूक लागलीय. घरी गेल्यावर मस्त पास्ता करू." आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात उबदार होता. "मी जात नाही. तो अडकलाय. माहीत आहे ना तुझा बाप? सगळ्यांना आधी सोडायचा आणि आपण उन्हात थांबायचा. आजही तेच करतोय बघ. त्याला कुणी 'ये' म्हणायला नको का?"

वळण आलं. कठड्याचा तेवढाच तुकडा नवा, पांढरा होता.

लोरेदानानं हॉर्नवरचा हात काढून घेतला. खिडकी उघडी ठेवली, कान दिला. खाली फक्त लाटा.

ती हळूच वळली. पलीकडे रस्ता मोकळा होता. तिनं श्वास सोडला.

आणि मागून हॉर्न आला.

घोगरा. एक लांब.

"थांबव," आई म्हणाली.

समोर कड्यालगत गाड्या लावायची जागा होती. तिथं तिनं गाडी घेतली. का घेतली, ते तिला कळलं नाही. आरशात बघायचा तिला धीर झाला नाही.

आईनं हात लांब केला आणि हॉर्न दाबला. दोन आखूड.

"थोडी पुढं घे," ती लेकीला मायेनं म्हणाली. "त्याला लावायला जागा दे."

लोरेदानानं गाडी पुढं घेतली. एका गाडीपुरती.

मागं खडी करकरली. मग कुणीतरी इंजिन बंद केलं.