हौसाची मुदत

राणीच्या तोंडावर पाय पडला. तोही मिठानं फुटलेला, चिखलानं भरलेला.

ठाण्याच्या कचेरीबाहेर भेंडाच्या झाडाखाली नाथा लोकांचे अर्ज लिहीत बसे. खाडीवरून वारा सुटला, त्याचा कोरा स्टांप-कागद उडाला, आणि समोरून येणाऱ्या तरुणीनं तो पायानं दाबून धरला... नेमका छापलेल्या मुंडक्यावर.

"अगं ए! राणी आहे ती!"

"मग पलत व्हती कशाला?"

नाथा हसला. याआधी कधी हसला होता, ते त्याचं त्यालाच आठवेना.

तो मूळचा कळव्याचा, मिठागरावरच्या आगऱ्याचा पोर. त्याच्या बापाला, राघोला, एका कारकुनानं कागद वाचून दाखवला: बांधाच्या दुरुस्तीचा आहे, उठव अंगठा. राघोनं उठवला. कागद निघाला जमीन सोडून दिल्याचा! त्या दिवसापासून नाथानं अक्षरांशी दावा मांडला. शाळा नाही, गुरू नाही. रद्दीतून मराठी शिकला, पुठ्ठा फाटलेल्या कोशातून इंग्रजी. आता आईबाप नव्हते. गाव त्याला 'सायेब' म्हणून हिणवी, कचेरी 'मिठागऱ्या' म्हणून. शब्द ढीगभर होते, बोलायला माणूस नव्हतं.

"दादा, एक कागद काढायचाय," ती म्हणाली.

"दादा म्हणू नकोस."

"मग काय म्हनू?"

"नाथा."

"मी हौसा," ती म्हणाली, आणि समोरच्या दगडावर ऐसपैस बसली.

ती डोंबिवलीकडच्या खाडीकाठच्या खारातली. लहानपणी लग्न लागलं. पाठवणीआधीच बांधाच्या भांडणात एक माणूस मेला आणि नवरा, भिवा, शिक्षा होऊन काळ्या पाण्यावर गेला. त्याला पाच वर्षं झाली. तरी सासरच्यांनी तिला नेलीच. नवरा नसला म्हणून काय झालं, मिठागराला हात हवेत! सून म्हणजे दोन हात, एवढाच ह्या लोकांचा हिशोब. आता हौसा एकोणीस वर्षांची होती. पंच म्हणत होते, भिवा जन्मात परत येणार नाही असं सरकारी कागदात असेल, तर दुसऱ्या घरी तुझा पाट लावू. म्हणून तिला निकालाची नक्कल हवी होती.

नक्कल कुठली मिळायला! खिडकीतला कारकून दर खेपेला एकच बोले, "वेट अ व्हाइल."

"किती थांबायचं म्हनतोय?"

"व्हाइल म्हणजे किती, ते साहेबालाही ठाऊक नाही."

मिठाचा मचवा उधाणाच्या भरतीवर ठाण्याला येई, त्यातून तीही येई. दुसऱ्या खेपेला आली तेव्हा तिच्या पदराला खाऱ्या पाण्याचा वास होता, आणि पापण्यांवर मिठाचे बारीक कण... नाथानं नजर दौतीत घातली.

"उधानापासून उधानापर्यंत, ह्याला तुज्या इंग्रजीत काय म्हनतात?"

"फोर्टनाइट."

"आनि तू माजी वाट बघतोस, त्याला?"

"मी कुठं वाट बघतो?"

"मग ह्यो दगड पानी शिंपून कोनासाठी थंड केलास?"

नाथाचे कान तापले. तो घाईघाईनं कोशातले शब्द सांगू लागला. क्षणाला साहेबाकडे दोन शब्द – मोमेंट आणि इन्स्टंट.

"दोन कशाला?"

"एक चहा प्यायला, एक हुकूम सोडायला."

ती खळखळून हसली. "आनि लांबच्या कालाला?"

"पीरियड, एज, ईपॉक..."

"लय वेल हाय रं त्यांच्याकडं! आमाला एक दिवस पुरत नाय."

ती गेली की झाडाखाली पुन्हा तीच शांतता. अर्ज लिहिता लिहिता नाथा खाडीकडे बघे. भांगाची, बिनजोराची ओहोटी, उघडा चिखल, एकटा बगळा. पुढल्या उधाणाला अजून आठ दिवस.

चौथ्या खेपेला नक्कल मिळाली.

नाथानं ती मनात वाचली. 'फॉर अ टर्म ऑफ टेन इयर्स.' पुन्हा वाचली. हौसा त्याच्या ओठांकडे बघत होती.

"नाथा..." तिचा आवाज कधी नव्हे इतका हळू झाला. "जल्मभर लिवलंय ना?"

एक शब्द. 'हो' म्हटलं की संपलं! कळव्यापासून कल्याणपर्यंतच्या एकाही पंचाला तो कागद वाचता येत नव्हता. पाट लागला असता, आणि कुणाशी लागला असता हे दोघांनाही ठाऊक होतं.

"टर्म म्हणजे मुदत," नाथा म्हणाला. "दहा वर्षं. पाच गेली. पाच राहिली."

"दुसरं वाचलं असतंस तर कोनाला कललं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"माझ्या बापालाही कळलं नव्हतं."

हौसा उठली. कागद मुठीत धरून धक्क्यापर्यंत चालत गेली. नाथा तिच्या पाठीकडे बघत राहिला. गेली... आता कशाला येईल ही?

ती परत आली. दगडावर बसली.

"लिही. भिवाला. तिकडं कागद जातो ना?"

"जातो."

"लिही... गाव म्हनतो मी तुजी बायको. मी तुला एकदाच बघितला, तोबी मुंडावल्यांतून. तुजं वाईट व्हावं असं मला वाटत नाय. पन मला काडीमोड दे. मला पाट लावायचाय."

नाथाची लेखणी थांबली. "कुणाशी... ते लिहावं लागेल."

"खोटं वाचलं असतं तर मी आज त्याची झाले असते. त्यानं नाय वाचलं. अशा मानसाशी."

"नाव लागतं, हौसा."

"तुला ठाऊक नाय?"

"तुझ्या तोंडून हवंय."

तिनं मान वर केली. डोळे भरलेले, पण खाली झुकले नाहीत.

"नाथा राघो. लिही."

हजारो लोकांची नावं त्या हातानं लिहिली होती. आज स्वतःचं लिहिताना शाईचा ठिपका पडला. मग त्यानं सगळा कागद तिला अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. स्वतःच्या नावाशी आवाज अडखळला, तरी वाचलं. हौसानं अंगठा उठवला.

मचव्यावरून हाक आली.

"उत्तर कवा येल?"

कोशातला एकही शब्द त्यानं तिला दिला नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला. "नाहीही येणार कदाचित."

"बरं," हौसा म्हणाली. शाईचा अंगठा तिनं पुसला नाही. तसाच मिटलेल्या मुठीत धरून ती मचव्याकडे चालू लागली.