टोकाची भिंत

सरकारी भाड्याच्या घरांत राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं समाधान मोजायचं काम तिच्याकडे होतं. पॅडला लावलेले फॉर्म, हातात पेन्सिल. तिसऱ्या मजल्यावर ओळीनं आठ खोल्या. पाणी, उजेड, जिना, शेजार. प्रत्येक प्रश्नापुढे चौकट.

पिशवीत आणखी एक कागद होता: अशाच खोलीसाठी आईच्या नावानं भरलेला अर्ज. दिवसभर घरात एकटी बसणाऱ्या आईला तिनं त्याचा पत्ता लागू दिला नव्हता, आणि ते तिला आतून खात होतं. त्यामुळे आज ती उत्तरं जरा जास्तच कान देऊन ऐकत होती.

नळाला करंगळीएवढी धार, जिना कंबरडं मोडणारा. तरी सातही घरांत एकच उत्तर मिळालं, "पूर्ण समाधानी. इथं एकटं वाटत नाही."

"रोज सकाळी शेजारच्या भिंतीवर दोनदा ठोकायचं," सातव्या खोलीतल्या आजी म्हणाल्या. "मी आहे, एवढं कळवायचं. मग शेजारच्यानं पुढच्याला."

आठव्या खोलीतले मास्तर खुर्ची भिंतीला लावून बसले होते.

"तुमची खोली शेवटची. तुम्ही कुणाला कळवता?"

मास्तरांनी टोकाच्या भिंतीकडे बोट केलं. "पलीकडे."

तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. पलीकडे काहीच नव्हतं. खाली, पार तळाशी, सायकली लावलेल्या.

"आणि उत्तर येतं?"

"एक दिवसही चुकलेलं नाही."

म्हातारपणी कान वाजतात, ती मनाशी म्हणाली. एकटेपणानं उद्या आईचंही असंच व्हायचं. त्याच विचारात तिनं पेन्सिलीनं भिंतीवर दोनदा टकटक केलं.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ठोकताना मनात कोण होतं, बाई?"

तिचा हात पिशवीतल्या अर्जाकडे गेला.

भिंतीतून आवाज आला. दोनदा.

वाटेतच तिनं अर्जाचे तुकडे केले. आईला कुठंही पाठवायचं नाही. धापा टाकत ती पाचव्या मजल्यावरच्या आपल्या घरी पोचली.

आई रस्त्याकडच्या भिंतीला खुर्ची लावून बसली होती. इतकी शांत ती कित्येक महिन्यांत दिसली नव्हती.

"आई, इथं का बसलीस?"

"हळू बोल गं." आईनं बोट वाकवून भिंतीवर दोनदा ठोकलं आणि कान लावला.

"आता एकटं वाटत नाही."